ला त्राव्ह्याता : एका शोकात्म संगीतिकेच्या नव्या मंचनांचा इतिहास

ला त्राव्ह्याता : इटालियन संगीतकार जूझेप्पे व्हेर्दी (१८१३–१९०१) याची तीन अंकी शोकात्म संगीतिका (ऑपेरा). तिचा पहिला प्रयोग व्हेनिस येथील ला फेनीचे या नाट्यगृहात ६ मार्च १८५३ रोजी झाला. संहिता फ्रांचेस्को मारीआ प्याव्हे (१८१०–७६) याने लिहिली. शीर्षकाचा अर्थ ‘मार्गभ्रष्ट झालेली स्त्री’ असा आहे. जगातील सर्वाधिक प्रयोग होणाऱ्या संगीतिकांत तिची गणना होते. तथापि तिच्या इतिहासात एक विसंगती आरंभापासून आढळते. रचनाकाराला ती स्वतःच्या काळातील वेशभूषेत व्हावयास हवी होती, पण पहिल्याच प्रयोगात तिला दीडशे वर्षे मागे ढकलण्यात आले. त्यानंतरच्या प्रत्येक महत्त्वाच्या नव्या मंचनाला ही कथा कोणत्या काळाची, या प्रश्नाचे उत्तर द्यावे लागले आहे. शोकात्म संगीतिकेचे नवे मंचन म्हणजे काय, ते कितपत स्वीकारार्ह मानावे व त्याची कसोटी कोणती, हे समजून घेण्यास या संगीतिकेचा रंगभूमीवरील इतिहास विशेष उपयुक्त ठरतो.

कथेचा उगम : पॅरिसमधील मारी द्यूप्लेसी (१८२४–४७) ही गणिका तेथील उच्चभ्रू वर्तुळात प्रसिद्ध होती. वयाच्या अवघ्या तेविसाव्या वर्षी क्षयाने तिचा मृत्यू झाला. फ्रेंच लेखक आलेक्सांद्र द्यूमा (धाकटा, १८२४–९५) याचा तिच्याशी काही काळ निकटचा संबंध होता. त्या अनुभवावर त्याने १८४८ मध्ये कादंबरी लिहिली व पुढे तिचे नाट्यरूपांतर केले. नियंत्रकांच्या हरकतींमुळे रखडलेले हे नाटक २ फेब्रुवारी १८५२ रोजी पॅरिस येथे रंगभूमीवर आले. त्या हिवाळ्यात व्हेर्दी पॅरिसमध्येच होता. गायिका जूझेप्पीना स्त्रेप्पोनी (१८१५–९७) हिच्याबरोबर तो विवाहाविना राहत असे व त्यांच्या या सहजीवनाविषयी बुस्सेतो या त्याच्या गावात उघड नाराजी होती. त्यांचा विवाह १८५९ मध्ये झाला. संगीतिकेतील नायिकेत स्त्रेप्पोनीचे चित्र शोधणे युक्त नसले, तरी समाजाने ठेवलेल्या कलंकाचा अर्थ व्हेर्दीला पुस्तकातून शिकावा लागला नाही, एवढे निश्चित.

कथानक : पॅरिसमधील गणिका व्हियोलेत्ता व्हालेरी हिच्या घरी मेजवानी चालू असताना आल्फ्रेदो जेर्मों हा तरुण तिच्यावरील आपले प्रेम व्यक्त करतो. आजारी व एकाकी व्हियोलेत्ता आधी हे प्रेम हसण्यावारी नेते व नंतर त्याचा स्वीकार करते. दुसऱ्या अंकात दोघे शहराबाहेर राहतात व खर्चासाठी ती आपली मालमत्ता विकत असते. आल्फ्रेदोचा पिता जॉर्जो जेर्मों तेथे येतो. आपल्या मुलाच्या या संबंधामुळे मुलीचा ठरलेला विवाह मोडेल, म्हणून तिने त्याला सोडावे, अशी विनवणी तो करतो. व्हियोलेत्ता हा त्याग स्वीकारते. त्याचे कारण न कळलेला आल्फ्रेदो भर मेजवानीत जुगारात जिंकलेले पैसे तिच्या अंगावर फेकून तिचा अपमान करतो. तिसऱ्या अंकात बाहेर कार्निव्हलचा जल्लोष चालू असताना व्हियोलेत्ता मृत्युशय्येवर आहे. सत्य कळल्यावर पिता-पुत्र परततात. पण तोवर वेळ निघून गेलेली असते.

दुसऱ्या अंकातील व्हियोलेत्ता व जॉर्जो जेर्मों यांचे प्रदीर्घ युगुलगीत हा या संगीतिकेचा नाट्यदृष्ट्या मध्यबिंदू होय. जेर्मों खलपुरुष नाही. तो सभ्य, कुटुंबवत्सल गृहस्थ आहे. त्याच्या सभ्यतेमुळेच त्याची मागणी अधिक क्रूर ठरते. या कथेत दोष एका व्यक्तीचा नसून तिच्याभोवतीच्या समाजाचा आहे आणि तो समाज म्हणजे नाट्यगृहात बसलेला प्रेक्षकवर्गच होय. व्हेर्दीला समकालीन वेशभूषा हवी होती, ती याच कारणासाठी. रंगमंचावरील मेजवानीतील पाहुण्यांनी प्रेक्षागारातील श्रीमंतांसारखाच पोशाख केलेला असता, तर त्यांच्यातील अंतर जवळजवळ नाहीसे झाले असते.

पहिला प्रयोग व कालांतर : ला फेनीचेच्या चालकांनी समकालीन वेशभूषेला संमती दिली नाही. त्यांच्या आग्रहानुसार कथेचा काळ ‘इ. स. १७०० च्या सुमारास’ असा ठरविण्यात आला. परिणामी एकोणिसाव्या शतकातील पॅरिसच्या कथेतील पात्रे चौदाव्या लूईच्या काळातील पोशाखांत वावरू लागली.

पहिला प्रयोग फसला. व्हेर्दीने दुसऱ्याच दिवशी आपल्या परिचितांना तसे स्पष्टपणे कळविले आणि दोष कोणाचा, याचा निर्णय काळावर सोपविला. या अपयशाची जी कारणे परंपरेने सांगितली जातात, त्यांतील काही तपासून घ्यावी लागतात. समकालीन पोशाखांमुळे प्रेक्षक बिथरले, असे अनेकदा म्हटले जाते. ते खरे नाही, कारण समकालीन पोशाख वापरलेच गेले नव्हते. स्थूल अंगाची फान्नी साल्व्हीनी-दोनातेल्ली ही गायिका क्षयाने खंगलेली वाटेना, म्हणून प्रेक्षक हसले, ही कथाही प्रसिद्ध आहे. परंतु पहिल्या अंकातील तिच्या गायनाला चांगली दाद मिळाली होती, हे या कथेत विसरले जाते. फेलीचे व्हारेझी (१८१३–८९) हा व्हेर्दीच्या माक्बेथ (१८४७) व रीगोलेत्तो (१८५१) या संगीतिकांतील पहिला नायक होता. जेर्मोंची भूमिका त्याच्याकडे होती, पण एव्हाना त्याचा आवाज उतरणीला लागला होता.

व्हेर्दीने काही भागांत, मुख्यतः दुसऱ्या व तिसऱ्या अंकांत, फेरफार केले. ६ मे १८५४ रोजी व्हेनिसमधीलच सान बेनेदेत्तो नाट्यगृहात मारीआ स्पेत्सिया हिने व्हियोलेत्ताची भूमिका केली. हा प्रयोग अत्यंत यशस्वी झाला. शहर तेच व कथेचा काळही तोच, १७०० चा, होता. मुख्यतः बदलली होती ती गायकमंडळी, काही स्वररचना व सादरीकरणाची तयारी. नव्या सादरीकरणाने कृतीचे भवितव्य पालटल्याचे, या संगीतिकेच्या इतिहासातील हे पहिले उदाहरण होय.

यानंतर तिचा प्रसार झपाट्याने झाला. लंडन, न्यूयॉर्क व पॅरिस या तिन्ही शहरांत ती १८५६ मध्ये रंगभूमीवर आली. लंडनमध्ये कथेच्या नीतिमत्तेवर वृत्तपत्रांतून कठोर टीका झाली. तथापि प्रेक्षकांची गर्दी कमी झाली नाही. इटलीतील काही ठिकाणी नियंत्रकांनी शीर्षकच बदलले आणि संहितेतील गणिकाजीवनाचे उल्लेख सौम्य केले. कथेचा काळ मागे नेणे व शब्द सौम्य करणे, या दोन्ही उपायांचा हेतू एकच होता : हे आपल्याविषयी नाही, असे प्रेक्षकांना वाटू देणे. रचनाकाराला अभिप्रेत असलेल्या काळात ही संगीतिका सादर होऊ लागली, ती १८८० नंतरच्या दशकात. परंतु तोवर द्यूमाचे पॅरिसही भूतकाळात जमा झाले होते. अशा रीतीने जे चित्र समकालीन म्हणून कल्पिले होते, ते रंगभूमीवर आले, तेव्हा ऐतिहासिक दृश्य बनले होते. पुढील अनेक दशके रुंद घेराचे झगे, झुंबरे व मखमली पडदे हीच तिची ‘परंपरागत’ मांडणी मानली गेली.

व्हिस्कोन्तीचे मंचन (१९५५) : दुसऱ्या महायुद्धानंतर यूरोपीय संगीत रंगभूमीवर दिग्दर्शकाचे स्थान बदलले. त्यापूर्वी गायकांच्या हालचाली बहुधा संकेतानुसार होत. पूर्व बर्लिनमध्ये व्हाल्टर फेल्झेनश्टाइन याने १९४७ मध्ये कोमिशे ओपर या संस्थेची स्थापना केली व गायकाने अभिनेताही असले पाहिजे, हे तत्त्व मांडले. १९५१ मध्ये बायरॉइट येथे व्हीलांट व्हाग्नर याने आपले आजोबा रिखार्ट व्हाग्नर यांच्या संगीत नाट्यांतील पारंपरिक नेपथ्य हटवून प्रकाश व अवकाश यांवर भर दिला. इटलीत या परिवर्तनाची सर्वांत प्रसिद्ध खूण म्हणजे मिलान येथील ला स्काला नाट्यगृहात २८ मे १९५५ रोजी झालेले ला त्राव्ह्याताचे नवे मंचन होय.

चित्रपट व नाट्य दिग्दर्शक लूकीनो व्हिस्कोन्ती (१९०६–७६) याने ते सिद्ध केले. नेपथ्य व वेशभूषा लीला दे नोबीली हिची, वाद्यवृंद संचालन कार्लो मारीआ ज्यूलीनी (१९१४–२००५) याचे आणि व्हियोलेत्ताची भूमिका मारिया कॅलास (१९२३–७७) हिची होती. जूझेप्पे दी स्तेफानो हा आल्फ्रेदो व एत्तोरे बास्त्यानीनी हा जेर्मों होता. व्हिस्कोन्तीने कथेचा काळ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या चतुर्थकात आणला. झगमगाटाच्या आड थकवा व ऱ्हास दिसावा, अशी दे नोबीलीची रंगयोजना होती. संचालक व गायिका यांनी भूमिकेचा अभ्यास बराच काळ एकत्र केला होता. त्यामुळे स्वराचा प्रत्येक चढउतार व शरीराची प्रत्येक हालचाल परस्परांशी जुळलेली होती.

दोन प्रसंग विशेष गाजले. पहिल्या अंकाच्या अखेरीस एकटी उरलेली व्हियोलेत्ता मुक्त जीवनाची ग्वाही देणारे अवघड गीत गाते. त्या वेळी कॅलासने पायांतील पादत्राणे भिरकावून दिली. शेवटच्या अंकात ती बाहेर जाण्यासाठी टोपी व कोट चढविते आणि त्याच वेशात, उघड्या डोळ्यांनी, तिला मृत्यू येतो. ला स्कालाच्या रंगमंचावर नायिकेने पादत्राणे फेकावीत, हे काही समीक्षकांना असभ्य वाटले. दी स्तेफानो पहिल्या प्रयोगानंतर या मंचनातून बाहेर पडला. परंतु व्हियोलेत्ता ही केवळ गाणारी नायिका नसून विशिष्ट समाजात, विशिष्ट पैशावर, विशिष्ट शरीराने जगणारी स्त्री आहे, हे या मंचनाने दाखवून दिले. त्याच्या एका प्रयोगाचे ध्वनिमुद्रण उपलब्ध असून ते आजही अभ्यासले जाते.

याच मंचनाचा पुढील परिणाम बोधप्रद आहे. १९६४ च्या डिसेंबरमध्ये ला स्कालात ही संगीतिका पुन्हा नव्याने उभी करण्यात आली. संचालक हर्बर्ट फोन कारायान (१९०८–८९), दिग्दर्शक फ्रांको झेफिरेल्ली (१९२३–२०१९) आणि व्हियोलेत्ता मिरेल्ला फ्रेनी (१९३५–२०२०) असे तिघेही ख्यातनाम होते. तरीही प्रेक्षकांच्या एका गटाने निषेधाचा गदारोळ केला. कॅलासची स्मृती जपणाऱ्या रसिकांना दुसरी व्हियोलेत्ता मान्य नव्हती. त्यानंतर जवळजवळ पंचवीस वर्षे ला स्कालाने या संगीतिकेचे मंचन केले नाही. १९९० मध्ये रिक्कार्दो मूती याच्या संचालनाखाली व लिलियाना काव्हानी हिच्या दिग्दर्शनाखाली, तरुण गायकांना घेऊन, ती पुन्हा सादर झाली. १९५५ मध्ये जे परंपराभंग म्हणून आक्षेपार्ह ठरले, तेच नऊ वर्षांत परंपरा बनून नव्याला विरोध करू लागले. परंपरा म्हणून ज्याचे रक्षण केले जाते, ते पुष्कळदा कालचे नवे मंचनच असते.

व्हेनिसमधील पुनरागमन (२००४) : ला फेनीचे नाट्यगृह १७९२ मध्ये उघडले. १८३६ च्या आगीनंतर ते पुन्हा बांधण्यात आले आणि २९ जानेवारी १९९६ रोजी दुसऱ्यांदा भस्मसात झाले. पुनर्बांधणीनंतर संगीतिकेच्या पहिल्या मंचनासाठी १२ नोव्हेंबर २००४ रोजी ला त्राव्ह्याताचीच निवड झाली. संचालक लोरिन माझेल (१९३०–२०१४) याने १८५३ ची, फेरफारांपूर्वीची स्वरसंहिता वापरली. संगीताच्या दृष्टीने हा मूळ रूपाचा शोध होता, तर रॉबर्ट कार्सन याचे दिग्दर्शन आधुनिक काळातील होते. प्रारंभिक वाद्यसंगीत चालू असतानाच पुरुष येऊन व्हियोलेत्ताला नोटा देताना दिसत. दुसऱ्या अंकातील ग्रामीण दृश्यात झाडांवरून पानांऐवजी नोटाच गळत. पैशाचा हा धागा दिग्दर्शकाने बाहेरून आणलेला नाही. दुसऱ्या अंकातील मालमत्तेची विक्री व अंगावर फेकलेले पैसे आणि तिसऱ्या अंकात मरणासन्न नायिकेने उरलेल्या वीस सुवर्णनाण्यांपैकी दहा गरिबांना देण्याची केलेली सूचना, हे सर्व संहितेतच आहे. ऐतिहासिक झग्यांच्या सौंदर्यात जे झाकले जात असे, ते आधुनिक वेशात उघड झाले. ज्या नाट्यगृहाने समकालीन वेशभूषा नाकारली होती, तेथेच दीड शतकानंतर ती अवतरली.

डेकरचे मंचन (२००५) : ऑस्ट्रियातील झाल्ट्सबुर्ग महोत्सवात २००५ मध्ये जर्मन दिग्दर्शक व्हिली डेकर याने केलेले मंचन एकविसाव्या शतकातील सर्वाधिक चर्चित मंचनांपैकी एक होय. आना नेत्रेब्को, रोलांदो व्हिल्याझोन व टॉमस हॅम्पसन यांच्या प्रमुख भूमिका होत्या आणि संचालन कार्लो रिझी याचे होते. व्होल्फगांग गुसमान याच्या नेपथ्यात ना झुंबर होते, ना शयनगृह. अर्धवर्तुळाकार फिकट भिंत, तिला लागून बाक व एक प्रचंड घड्याळ, एवढेच साहित्य होते. व्हियोलेत्ताच्या अंगावर लाल रंगाचा आखूड झगा होता. वृंदगानातील स्त्रियांसह सर्वांना पुरुषी काळे सूट दिले होते. त्यामुळे पाहुण्यांचा समुदाय पुरुषांच्या एकजिनसी जमावासारखा भासे. वैद्याचे किरकोळ पात्र पांढऱ्या केसांच्या, मूकपणे वाट पाहणाऱ्या मृत्यूच्या रूपात सतत उपस्थित राही. दुसऱ्या अंकातील अल्पकालीन सुखाची खूण म्हणून आसनांवर फुलांच्या नक्षीची आवरणे तेवढी घातलेली होती.

डेकरने कोणताच ऐतिहासिक काळ न स्वीकारता घड्याळातील काळ स्वीकारला. याला स्वरसंहितेत आधार आहे. व्हेर्दीने संगीतिकेचा आरंभच व्हायोलिनांच्या मंद, उंच स्वरांतील मृत्युसूचक संगीताने केला आहे व तेच संगीत तिसऱ्या अंकाच्या आरंभी परतते. नायिका पहिल्या स्वरापासून मरणाच्या वाटेवर आहे आणि मधला सारा उत्सव उसन्या वेळातला आहे, हे श्रोत्याला आधीच सांगितलेले असते. घड्याळाने ते डोळ्यांना दाखविले. हे मंचन ३१ डिसेंबर २०१० रोजी न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात आले व तेथील झेफिरेल्लीच्या वैभवशाली मंचनाची जागा त्याने घेतली. पण ४ डिसेंबर २०१८ रोजी तेथेच मायकेल मेयर याचे पुन्हा सुशोभित, भरजरी मंचन सुरू झाले. त्यात सारी कथा मृत्युशय्येवरील स्मरणाच्या रूपात मांडलेली होती. मंचनांचा इतिहास साधेपणाकडे एकाच दिशेने सरकत नाही, हे यावरून दिसते.

वाद व मर्यादा : ७ डिसेंबर २०१३ रोजी ला स्कालाच्या हंगामाचा आरंभ दिमित्री चेर्नियाकोव याच्या मंचनाने झाला. दुसऱ्या अंकात आल्फ्रेदो स्वयंपाकघरात भाज्या चिरताना दाखविला होता. प्रयोगाच्या शेवटी काही प्रेक्षकांनी दिग्दर्शकाविरुद्ध जोराचा निषेध नोंदविला. पॅरिस ऑपेरात २०१९ मध्ये सायमन स्टोन याने व्हियोलेत्ताला समाजमाध्यमांवरील प्रसिद्ध तरुणीचे रूप दिले व प्रेटी येंडे हिने ती भूमिका केली.

अशा मंचनांवरील एक आक्षेप गंभीर आहे. कथेला आधुनिक वेश देणे सोपे, परंतु तिच्यातील सक्ती आधुनिक करणे कठीण असते. रॉबर्ट कॉखने क्षयाचे जंतू १८८२ मध्ये शोधले व १९४३ मध्ये स्ट्रेप्टोमायसीन या प्रतिजैविकाचा शोध लागला. त्यानंतर क्षय अटळ राहिला नाही. भावाच्या प्रेमसंबंधामुळे बहिणीचा विवाह मोडण्याची भीतीही आजच्या पॅरिसमध्ये १८५० सारखी विश्वसनीय वाटत नाही. जेर्मोंच्या मागणीमागील सामाजिक बळ नाहीसे झाले, तर व्हियोलेत्ताचा त्याग अनाकलनीय होतो आणि शोकात्मिकेचा आधारच ढासळतो. म्हणून केवळ दूरध्वनी व पडदे दाखविणारे मंचन फसते. उलट, पोशाख १८५० चे ठेवूनही मंचन निर्जीव असू शकते, कारण त्या पोशाखांत आज कोणालाही स्वतःचे प्रतिबिंब दिसत नाही.

मूल्यमापन : रचनाकाराशी एकनिष्ठ राहणे म्हणजे काय, याचे सरळ उत्तर ला त्राव्ह्याताच्या बाबतीत देता येत नाही. १७०० हा छापील काळ पाळावा, तर व्हेर्दीची इच्छा डावलली जाते. त्याचा १८५० चा काळ उभारावा, तर त्या इच्छेचा केवळ बाह्य आकार हाती येतो, कारण त्याला हवे होते ते ‘आज’. प्रेक्षकाचा आजचा काळ दाखवावा, तर संहितेतील सामाजिक बंधने सुटतात. चौथा मार्ग डेकरसारख्यांचा; त्यात समाजाचे तपशील मागे पडून मृत्यू पुढे येतो. यांपैकी कोणताही मार्ग हानिरहित नाही. यशस्वी मंचनांत मात्र एक समान लक्षण आढळते : त्यांनी केलेला प्रत्येक बदल स्वरसंहितेत वा शब्दसंहितेत आधीच असलेल्या, परंतु सवयीने ऐकू येईनाशा झालेल्या गोष्टीकडे लक्ष वेधतो. कॅलासची पादत्राणे, कार्सनच्या नोटा व डेकरचे घड्याळ यांचे समर्थन कृतीतच सापडते. जेथे असा आधार नसतो, तेथे नावीन्य एका हंगामापुरते टिकते. व्हेनिसच्या चालकांनी १८५३ मध्ये कथेला दूरच्या काळात पाठविले, ते प्रेक्षकांना अस्वस्थता नको म्हणून. नव्या मंचनाचे यश अखेर ती अस्वस्थता प्रेक्षकागृहात परत आणण्यावर अवलंबून असते.